विसर्जनानंतर कानात कुईंऽऽ, तीन दिवसांनी गेली. मग कान बरा झाला म्हणायचं का?

नारायणपेठी
यंदा विसर्जनाला लेकीला (वय ११) घेऊन पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर गेलो होतो. एका दुकानाच्या पायरीवर झकास जागा मिळाली. नेमकं समोरच पथक थांबलं, स्थिर वादन सुरू झालं आणि तासभर हलायला वाव नाही. त्यामागून स्पीकरची भिंत आली ती वेगळीच. घरी पोचलो तर दोघांच्याही कानात कुईंऽऽ. बायको बोलत होती ते उशीखालून आल्यासारखं. लेकीची कुईं दुसऱ्या दिवशी दुपारी गेली, माझी तिसऱ्या दिवशी.

मित्र म्हणतो, "गेली ना? मग झालं. उन्हात भाजतं, चार दिवसांनी सालपट निघतं, खाली नवी कातडी. कानाचंही तसंच." मला ही तुलना पटत नाहीये, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. कानात नवं काही उगवतं का? की काहीतरी तुटतं आणि आपल्याला कळत नाही?

ढोल हवेत की नकोत यासाठी हा चर्चेचा धागा नाही. त्यावर आधीच चार धागे आहेत आणि चारही धागे बंद करावे लागलेत.

तिखटमीठ
काय म्हणालात? ऐकू नाही आलं. 😀

आजोबा७२
आम्ही लहानपणी याच रस्त्यावर रात्रभर उभे राहायचो. कोणाला काही झालं नाही. रात्री लसूण घालून कोमट केलेलं तेल दोन थेंब कानात टाकावं. सकाळी कान मोकळा.

टिपरू
गेली नऊ वर्षं पथकात ढोल वाजवतो. पहिल्या वर्षी सरावानंतर रोज कुईं यायची, आता येत नाही. सवय होते कानाला. शरीर घडतं. जिममध्ये पहिल्या आठवड्यात अंग दुखतं, नंतर नाही, तसं.

कर्णपिशाच्च
आयडी गमतीचा आहे, पण पोटापाण्यासाठी रोज लोकांचे कानच तपासते, त्यामुळे राहवलं नाही.

आजोबा, आदरपूर्वक सांगते, तेल टाकू नका. ते बाहेरच्या नळीत पडद्यापाशी थांबतं. हा सगळा प्रकार पडद्याच्या पलीकडे, हाडात खोल दडलेल्या अंतर्कर्णात होतो. पडद्याला बारीक भोक असेल तर तेल आत जाऊन संसर्ग मात्र होईल.

टिपरू, कुईं यायची बंद झाली ही चांगली बातमी असेलच असं नाही. शेवटची श्रवणचाचणी कधी केली होतीत?

टिपरू
@कर्णपिशाच्च, कधीच नाही. ऐकू तर येतंय की.

रानभूल
जर्मनीत एका प्रयोगशाळेत माशांच्या केसपेशींवर काम करते. (माशांचा संबंध काय, ते पुढे सांगते.) नारायणपेठी, तुमचा प्रश्न फार नेमका आहे. काही तुटलेलं जुळतं, काही कधीच जुळत नाही, आणि कुईं थांबली यावरून यातलं नेमकं काय झालं ते कळत नाही.

अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखी अडीच-पावणेतीन वेटोळ्यांची नळी असते. उलगडली तर साधारण ३५ मिलिमीटर. तिच्यात एक पट्टी आणि पट्टीवर केसपेशींच्या रांगा: आतल्या बाजूला एक, सुमारे साडेतीन हजार पेशींची; बाहेरच्या बाजूला तीन, मिळून बारा हजारांच्या आसपास. एका कानाचा जन्मभराचा साठा एवढाच. जन्माआधीच तयार होतो, नंतर त्यात एकाचीही भर पडत नाही.

प्रत्येक पेशीच्या डोक्यावर ताठ तंतूंचा झुबका असतो. नाव केसपेशी असलं तरी हे केस नव्हेत. प्रार्थनेला मुलं उंचीप्रमाणे उभी करतात ना, तसे हे तंतू पायरीपायरीनं उभे असतात. ठेंगण्याच्या शेंड्यापासून मागच्या उंचाच्या कडेपर्यंत एक अतिसूक्ष्म धागा ताणलेला असतो. हो, तोही धागाच. पिकल्स आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो दाखवला. आवाजानं पट्टी हलते, झुबका कलतो, धागा ताणला जातो, ठेंगण्याच्या शेंड्यावरचं दार उघडतं आणि भोवतालच्या द्रवातलं पोटॅशियम आत घुसतं. पेशीला आवाज कळला. सगळ्यात बारीक आवाजाला झुबका एका नॅनोमीटरहूनही कमी हलतो. एवढ्या नाजूक यंत्रासमोर तुम्ही तासभर ताशा वाजवलात.

तेव्हा आधी हे धागे तुटतात. तंतूंच्या कण्यात भेगा पडतात, झुबका विस्कटतो, वादळानंतरच्या ज्वारीच्या शेतासारखा. पण यातलं बरंच सावरतं. कोंबडीच्या पिलांच्या पेशींवरचे हे धागे रसायनानं तोडून पाहिले, तर दिवसभरात पुन्हा आले. तंतूंच्या भेगा बुजवणारं एक प्रथिन व्हर्जिनिया विद्यापीठातल्या गटानं २०२३ साली उंदरांत दाखवलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुमचं ऐकू येणं परतलं, त्यात अशा डागडुजीचा हात असावा.

बाकीचं रात्री लिहिते, प्रयोग चालू ठेवून आलेय.

अर्धवटराव
म्हणजे धागा तुटला तर २४ तासांत परत येतो. आपल्या संपादकांना हे कळवायला हवं. इथे उडालेले धागे आजवर परत आलेले नाहीत.

पन्हाळगड
तुमच्या पुण्यात निदान ढोल तरी हाईत. आमच्याकडं डॉल्बी. (त्या नावाच्या कंपनीचा काडीचा संबंध न्हाई, पण स्पीकरच्या भिंतीला नाव पडलं ते पडलं.) गल्लीत डॉल्बी लागली की मांडणीवरची भांडी आपोआप पुढं सरकत्यात. आमच्या म्हातारीनं एकदा कपाळ ठोकून घेतलं, म्हणाली गणपती बोलायला लागला तरी आता कुणाला ऐकू येणार!

शिफ्टवाला
निवृत्त माणूस. चिंचवडला एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये ३१ वर्षं. पत्रा दाबायचा, दिवसभर धाडधाड. कंपनीचं नाव घेत नाही, तेव्हा सगळीकडे तेच होतं. कान झाकायचे मफ दिलेले असायचे, पण ते खुंटीला. घातले तर शेजारचा हाक मारतोय ते कळत नाही, आणि उन्हाळ्यात कानाला घामाच्या धारा.

सवयीबद्दल टिपरूंनी लिहिलं म्हणून सांगतो. मलाही वाटायचं सवय झाली. सुरुवातीला शिफ्ट सुटल्यावर कान बंद व्हायचे, रविवारी उघडायचे. पुढे बंद व्हायचेच थांबले. ४२ व्या वर्षी वैद्यकीय तपासणीत कागद दाखवला, त्यात ४००० हर्ट्झला, म्हणजे उंच सुराला, ऐकण्याच्या रेघेत असा खड्डा की विहीरच. आज कोणी बोलतं ते ऐकू येतं, पण काय बोलतं ते कळत नाही. सून म्हणते "सात वाजता या", मी आठला हजर. नातू "पास झालो" म्हणाला, मी विचारलं, "पाच कुठे?" घरातले हसतात, मीही हसतो. पण लग्नाच्या पंगतीत बसलो की नुसती मान हलवत राहतो.

कर्णपिशाच्च
शिफ्टवाला काका, तुमचा प्रतिसाद छापून दवाखान्यात लावावासा वाटतोय.

तो ४००० चा खड्डा मी दर आठवड्याला बघते. बाहेरच्या कानाची नळी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे ती ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपणहून वाढवते, बासरीच्या नळीसारखी. आणि मोठ्या आवाजाचा सगळ्यात जास्त मार त्याहून जरा उंच सुराच्या पेशींवर बसतो. म्हणून ४०००. स, श, ख, फ ही व्यंजनं बहुतेक याच वरच्या भागात जगतात. स्वर खाली असतात, ते शाबूत राहतात. म्हणून आवाज येतो, शब्द येत नाही.

टिपरू, आता मुद्द्याचं. बाहेरच्या तीन रांगांमधल्या पेशी नुसत्या ऐकत नाहीत, त्या आखडतात-लांबतात आणि बारीक आवाज वाढवून आतल्या रांगेला देतात. त्या मेल्या की कानाचा अँप्लिफायर गेला. मग सरावाआधीही ऐकू कमीच येत असतं, त्यामुळे सरावानंतरचा फरक "लागत" नाही. तुम्ही जिला सवय म्हणता ती बऱ्याचदा ही असते. स्नायू ताण दिल्यावर जाड होऊन परत येतो, केसपेशी परत येत नाही. जिमची उपमा म्हणूनच चुकते.

आजोबा७२
मग तेलाऐवजी काय टाकावं?

कर्णपिशाच्च
काहीही नाही. 🙏 त्या दोन-तीन दिवसांत कानाला शांतता द्यावी, हेडफोन बाजूला. मात्र एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, तर आठवडाभर वाट न बघता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं. त्यात स्टेरॉइड देतात आणि ते पहिल्या काही दिवसांत सुरू झालं तर उपयोगाची शक्यता जास्त.

टिपरू
ठीक आहे, तपासून घेतो. पण एक सांगू? सगळ्या पथकांना एका मापानं मोजू नका. आम्ही वीस मिनिटांनी फळी बदलतो. आणि खरा त्रास ढोलाचा नाही, ताशाचा. तर्री (ताशाचा सलग कडकडाट) सुरू झाली की ताशेवाल्याच्या शेजारचा माणूस अर्धा बहिरा.

अर्धवटराव
ढोलवाले म्हणतात ताशा, ताशेवाले म्हणणार टोल, टोलवाले म्हणणार डीजे, डीजेवाले म्हणणार वाहतूक. आणि वाहतूक म्हणणार मिरवणुकीमुळे हॉर्न वाजवावा लागतो.

चौकस बाई
किती आवाजात किती वेळ चालतो, याचा काही हिशेब आहे का? माझा मुलगा यंदापासून पथकात जायचं म्हणतोय.

शिफ्टवाला
आपल्याकडच्या कारखान्यांना ८ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे. अमेरिकेची नायॉश ही संस्था जास्त कडक: ८ तासांना ८५, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. सेफ्टीचा बोर्ड रोज वाचून पाठ झालंय. वाचायचो आणि मफ खुंटीला ठेवायचो.

चौकस बाई
बापरे, १५ मिनिटं! सीओईपी इंजिनीअरिंग कॉलेजची मुलं दरवर्षी लक्ष्मी रस्त्यावर चौकाचौकात मोजतात ना? शंभरच्या वर आकडा गेल्याच्या बातम्या वाचल्यात. नारायणपेठी तर तासभर उभे होते.

सरळरेघ
नियमांचं म्हणाल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५, रात्री ४५. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षातले १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देता येते. सूट वेळेची आहे, डेसिबलची नाही. पण हे बघतंय कोण?

हडपसरचा हरी
फक्त आपल्याच सणांच्या वेळी कान दुखतात का लोकांचे? बाकीच्यांचे भोंगे

संपादक
या प्रतिसादाचा उरलेला भाग आणि त्याखालचे अकरा प्रतिसाद काढले आहेत. धागा पेशींबद्दल आहे. पेशींबद्दलच ठेवा.

तिखटमीठ
अकरा!! मी फक्त भांडी घासायला गेले होते.

रानभूल
आले. मधलं भांडण चुकलं हे नशीब.

उरलेली गोष्ट, आणि हीच मला जास्त महत्त्वाची वाटते. आवाज थांबला तरी पेशीच्या आतला गोंधळ थांबत नाही. तासभर जिवाच्या आकांतानं काम केलेल्या पेशीत कॅल्शियम साचलेलं असतं, ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियांतून घातक मुक्त मूलकं बाहेर पडत असतात आणि त्यांचा मारा पुढे कित्येक दिवस चालू राहतो. म्हणजे तुम्ही घरी येऊन झोपलात तेव्हा आत काही पेशींचं जगायचं की मरायचं हे ठरायचं होतं.

पेशी नुसती मार खात बसत नाही. तापात किंवा विषाच्या माऱ्यात कुठलीही पेशी करते तेच तीही करते: विस्कटलेल्या प्रथिनांची घडी पुन्हा बसवणारी मदतनीस प्रथिनं बनवते, मुक्त मूलकं शोषणारं ग्लुटाथायोन वापरते. यात शेजारधर्मही आहे. केसपेशींना खांदा देऊन उभ्या असलेल्या आधारपेशी संकटात असलं एक मदतनीस प्रथिन स्वतः बनवून बाहेर सोडतात आणि ते शेजारणीला वाचवायला मदत करतं. केसपेशी मेलीच तर याच आधारपेशी तिचा देह उचलतात आणि मोकळ्या जागेवर स्वतः पसरून ती बुजवतात, नाहीतर वरचा पोटॅशियमचा द्रव खाली झिरपून बाकीच्यांना मारेल. जागा बुजते, पण तिथे ऐकणारं कोणी उरत नाही.

टिपरूंच्या सवयीत अर्धा टक्का तथ्य आहे, तेही सांगते. गिनीपिगना आधी बरेच दिवस मध्यम आवाज ऐकवला, साधारण ८० डेसिबलच्या घरातला, तर नंतरच्या मोठ्या आवाजानं त्यांचं नुकसान कमी झालं. पेशीची बचावाची तयारी आधीपासून जागी राहते असं दिसतं. पण ८० म्हणजे ताशा नव्हे.

आणि आता कुईं जाण्याबद्दल. २००९ साली कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांना १०० डेसिबलचा आवाज दोन तास ऐकवला. दोन आठवड्यांत त्यांचं ऐकणं पूर्ववत. केसपेशी मोजल्या, सगळ्या हजर. चाचणीत उत्तीर्ण! पण आतल्या रांगेतली पेशी आणि चेतातंतू यांच्यातले सांधे मोजले, तर उंच सुरांच्या भागात निम्म्याच्या आसपास गायब. पेशी घाबरून ग्लुटामेट (चेतातंतूला निरोप देणारं रसायन) जास्तीचं ओतते, समोरची चेताटोकं त्यानं फुगतात आणि सांधा सुटतो. तो सुटलेला चेतातंतू पुढे महिनोन्‌महिने सावकाश मरत जातो.

शांत खोलीतल्या चाचणीत हे कळत नाही, कारण बारीक आवाजासाठी थोडे तंतू पुरतात. गर्दीत, पंगतीत कमी पडतात. माणसात असे सांधे जिवंतपणी थेट मोजता येत नाहीत, त्यामुळे एका मिरवणुकीत माणसाचे किती जातात हा वाद चालू आहे. पण "चाचणी ठीक म्हणजे कान ठीक" हे वाक्य तेव्हापासून आमच्या क्षेत्रात कोणी बेधडक म्हणत नाही.

अर्धवटराव
आणि मासे?

रानभूल
हां, मासे. झेब्राफिशच्या अंगावर बाहेरूनच केसपेशींचे पुंजके असतात, पाण्याची हालचाल कळायला. औषध घालून सगळ्या मारल्या तरी दोन-तीन दिवसांत नव्या हजर. पक्ष्यांतही होतं. १९८८ साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की मोठ्या आवाजानं केसपेशी मेलेल्या कोंबडीच्या पिलांत आणि लाव्यांत त्या पुन्हा तयार होतात. आधारपेशींपासूनच. सस्तन प्राण्यांच्या आधारपेशींनी हे कसब गमावलंय. ते परत कसं जागवायचं यावर निम्मी दुनिया काम करतेय, मीही त्यातलीच.

पन्हाळगड
म्हंजे डॉल्बीसमोर कोंबडी नाचवली तर चालंल, माणूस न्हाई. पुढच्या जन्मी कोंबडीच व्हावं म्हणतो. पण कोल्हापुरात नको, कान सोडून बाकीचं रश्श्यात जाईल.

तिखटमीठ
😂😂 पन्हाळगड, धागा जिंकलात.

मीनाक्षी तिसरी
औषध घालून मारतात म्हणालात म्हणून विचारते. माझ्या काकांना ऐंशीच्या दशकात क्षयासाठी रोज इंजेक्शनं होती. क्षय बरा झाला, पण ऐकू येणं गेलं आणि तोल जायचा. घरात म्हणायचे, आजारानंच कान नेले.

रानभूल
बहुधा स्ट्रेप्टोमायसिन असणार. ते आणि जेंटामायसिन एकाच कुळातले, आणि हे कूळ त्या धाग्यानं उघडणाऱ्या दारातूनच केसपेशीत शिरतं. म्हणजे पेशी ज्या दारानं ऐकते त्याच दारानं विष घेते. तोल सांभाळणाऱ्या अवयवातही केसपेशीच असतात, म्हणून चक्कर. काहींच्या मायटोकाँड्रियात एक वारशानं आलेला बदल असतो, त्यांना थोड्या मात्रेतही हे होतं. तो आईकडून येतो.

कर्णपिशाच्च
इथे एक पुरवणी जोडते: ही औषधं जीव वाचवतात, डॉक्टरांनी दिलेली मनानं बंद करू नका. घरात आईच्या बाजूला असं कोणाचं झालं असेल तर आधी सांगा, एवढंच.

चौकस बाई
मुलाला काय सांगू मग? कापसाचे बोळे चालतील?

कर्णपिशाच्च
कापूस जवळजवळ निरुपयोगी. औषधांच्या दुकानात फोमचे प्लग मिळतात. बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागे ओढायचा, आत सारून फुगेपर्यंत बोटानं धरायचा. अर्धवट बाहेर लोंबत असेल तर फक्त दागिना. लहान मुलांना मफ बरे.

आणि "आवाज वाढला की कान आपोआप आखडतो" यावर विसंबू नका. मध्यकर्णात तसा एक छोटा स्नायू आहे खरा, पण त्याला आखडायला सेकंदाचा काही शतांश भाग लागतो. सुतळी बॉम्ब तोवर फुटून गेलेला असतो. दिवाळी येतेच आहे.

नारायणपेठी
सगळ्यांचे आभार, विशेषतः रानभूल आणि कर्णपिशाच्च यांचे. संपादकांचेही.

मधल्या काळात दोघांची चाचणी करून आलो. लेकीचं सगळं नीट. माझ्या डाव्या कानाला ४००० वर ३० डेसिबल, उजव्याला १५ (आकडा जितका मोठा, तितकं ऐकू कमी). ताशा डावीकडे होता. पण तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, हे यंदाचं की वीस वर्षांचं, एका कागदावरून सांगता येणार नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. मित्राला रानभूल यांचा उंदरांचा परिच्छेद वाचून दाखवला. तो म्हणाला, "मी उंदीर आहे का?" बाप्पाच्या वाहनाबद्दल असं बोलू नये म्हटलं.

टिपरू
मीही करून आलो. दोन्ही कानांना खड्डा आहे. शिफ्टवाला काकांइतका नाही, पण आहे. वय ३१.

पथकात विषय काढला. आधी सगळे हसले, मग तिघा ताशेवाल्यांनी बाजूला घेऊन विचारलं, कुठे तपासलंस. प्लगचे दीडशे जोड मागवलेत. काल सरावाला लावून बघितले. पहिली दहा मिनिटं विहिरीत वाजवतोय असं वाटलं, स्वतःचा श्वास जास्त ऐकू येत होता. ठेका चुकत नाही, तो पायातून येतोच. अडचण एकच, प्रमुखाची शिट्टी ऐकू येत नाही. आता हातवारे ठरवतोय.

शिफ्टवाला
हातवारे मी शिकवतो. ३१ वर्षं तेच केलं.